चार इंचांची लढाई

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, गॅरेजमध्ये ताटकळत बसण्याची वेळ तुमच्यावर कधी आली असेल, तर एक संवाद तुमच्या कानावर नक्की पडला असेल. गिऱ्हाईक म्हणते, "मिस्त्री, गाडी पुढून घासते हो. गतिरोधक आला की काळजाचा ठोका चुकतो." मिस्त्री वाकतो, पुढच्या चाकाच्या वरच्या पोकळीत हात घालतो, बोटांनी अंतर मोजतो आणि सांगतो, "स्प्रिंग बसलीय, साहेब. बफर टाकून देतो." मग स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये रबराचा जाड ठोकळा बसतो, गाडीचे नाक बोटभर वर येते आणि मालक खूश होऊन घरी जातो. आपल्याकडे गाडीची उंची ही एवढीच काळजीची बाब. पोटाला खरचटू नये, म्हणजे झाले.

पण याच बोटभर उंचीवरून अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात थोडीथोडकी नव्हे, पासष्ट वर्षे भांडण चालले होते. तिथे लोकांना गाडी वर नको होती, खाली हवी होती. जमिनीला टेकेल इतकी खाली. सरकार म्हणत होते, इतकी खाली चालणार नाही. त्या भांडणात पोलीस होते, कायद्याची कलमे होती, विमानांच्या भंगारातले पंप होते आणि रविवारी संध्याकाळी नटूनथटून रस्त्यावर येणारा एक अख्खा समाज होता. आज त्या भांडणाची गोष्ट सांगणार आहे.

गोष्ट कळायची तर आधी गाडीच्या पुढच्या चाकाशी जरा बसावे लागेल. गाडीचा सगळा भार सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर असतो. चाक मात्र चेसिसला थेट जोडलेले नसते. ते खालीवर हलू शकणाऱ्या दोन लोखंडी हातांना जोडलेले असते. गॅरेजच्या भाषेत हे आर्म. एक वरचा, एक खालचा. खालचा आर्म आणि चेसिस यांच्यामध्ये स्प्रिंग दाबून बसवलेली असते. खड्डा आला की चाक वर जाते, स्प्रिंग दबते आणि आत बसलेल्या माणसाच्या पाठीचे मणके वाचतात. गाडी उभी असताना स्प्रिंग भाराखाली जितकी दबलेली असते, त्यावर गाडीची उंची ठरते. म्हणजे स्प्रिंग आखूड झाली की गाडी खाली, लांब झाली की वर. वाचायला सोपे आहे.

काही गाड्यांत स्प्रिंगच्या जागी पोलादी दांडा असतो. त्याला पीळ बसतो आणि तो पीळच स्प्रिंगचे काम करतो. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने 1957 पासून आपल्या गाड्यांना पुढे असे दांडे बसवले आणि त्याला एक बोल्ट दिला. पाना लावून बोल्ट फिरवला की गाडीचे नाक वर किंवा खाली. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने तर 1955 मध्ये डीएस नावाची गाडी आणली. तिच्यात स्प्रिंगच नव्हती. तेल आणि दाबलेला वायू यांच्यावर गाडी तोललेली असे आणि चालकाने बसल्या जागी दांडी हलवली की सबंध गाडी उंचीने बदले. युरोपातली मंडळी तिला भविष्यातली गाडी म्हणून बघत होती. पण आपली गोष्ट अशा नव्याकोऱ्या गाड्यांची नाही. ती आहे जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेल्या शेवरोले गाड्यांची, आणि त्या घेणाऱ्यांची.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेकडच्या वस्त्यांत मेक्सिकन वंशाची कुटुंबे मोठ्या संख्येने राहत होती. कित्येकांच्या दोन-दोन पिढ्या अमेरिकेत जन्मलेल्या. पण शहराच्या नजरेत ही माणसे परकीच. 1943 च्या जून महिन्यात तर नौदलाच्या खलाशांनी आणि सैनिकांनी रस्त्यारस्त्यांवर मेक्सिकन पोरांना गाठून मारले, ढगळ पँट आणि लांब कोट अशा त्यांच्या झोकदार पोशाखावरून त्यांचे कपडे फाडले. इतिहासात हे दंगे त्या पोशाखाच्याच नावाने, झूट सूट दंगे म्हणून ओळखले जातात. कपड्यावरून मार खाल्लेल्या या पोरांच्या पुढच्या पिढीने गाडीवरून दंड भरला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

युद्ध संपले. सैन्यात गेलेली पोरे परतली. काहींच्या हातात यंत्रांचे काम आले होते, खिशात थोडे पैसे होते. नवी गाडी परवडत नव्हती, पण जुनी शेवरोले मिळत होती. त्या काळी कॅलिफोर्नियातल्या गोऱ्या तरुणांना वेड होते वेगाचे. गाडीतले जड भाग काढून टाकायचे, इंजिन वाढवायचे आणि सुसाट सुटायचे. मेक्सिकन पोरांनी नेमके याच्या उलट केले. गाडी खाली आणायची, लखलखीत रंगवायची आणि रस्त्याने इतकी सावकाश न्यायची की फुटपाथवरच्या प्रत्येकाला ती नीट बघता यावी. 'बाहितो इ स्वावेसितो' हे त्यांचे स्पॅनिश ब्रीद. खाली खाली आणि अलगद अलगद, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत घोडा जसा चालवतात ना, तशी ही चाल. कुठे पोहोचायचे नसतेच. दिसायचे असते. या गाड्यांना आणि त्या चालवणाऱ्यांना, दोघांनाही पुढे लो-रायडर हे नाव पडले.

सुरुवातीला गाडी खाली आणण्याचे उपाय अगदी घरगुती होते. डिकीत वाळूची किंवा सिमेंटची पोती टाकायची. याने मागची बाजू बसे. पुढच्या बाजूला इंजिन असते, तिथे पोती कुठे ठेवणार? मग पुढच्या स्प्रिंगा तापवायच्या. पोलाद तापले की मऊ पडते आणि गाडीच्या वजनाने स्प्रिंग आपोआप खाली बसते. पण अशी स्प्रिंग मरते. तिचे पाणीच जाते. दुसरा उपाय म्हणजे स्प्रिंगचा एखादा वेढा कापून टाकायचा. हा जरा बरा, पण त्यातही एक खोच आहे. कापलेली स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, ती कडकही होते. वेढे जितके कमी, तितकी स्प्रिंग ताठ. त्यामुळे गाडी खाली तर येते, पण प्रत्येक खड्डा थेट पाठीत. शिवाय उंची बदलली की चाकाचा कल बदलतो, टायर एका अंगाने झिजतात, हेडलाइटचा झोत भलतीकडे पडतो. हे उपाय करणाऱ्यांना ते कळत नव्हते असे नाही. कळूनच करत होते.

आणि यातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे कापलेली स्प्रिंग पुन्हा जोडता येत नाही. एकदा खाली आणलेली गाडी खालीच राहते.

ही अडचण 1958 मध्ये एकदम गळ्याशी आली. त्या वर्षापासून कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात नवा नियम लागू झाला. पुढे तो कलम 24008 म्हणून ओळखला गेला. नियम असा, की मूळ रचनेत फेरफार करून गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा खाली आणता येणार नाही. कायद्याची भाषा मोठी शहाणी होती. त्यात कुठल्या समाजाचे नाव नव्हते. कारणही पटण्यासारखे होते. टायर फुटला तर गाडी रिमवर टेकावी, पोटावर घसटत जाऊ नये. पण हा नियम कुणाला लागणार, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. रिमची खालची कड जमिनीपासून टायरच्या जाडीइतकी वर असते, म्हणजे साधारण चार-पाच इंच. पोलिसाने वाकून बघायचे, चार इंच नाहीत म्हणायचे आणि पावती फाडायची. गाडी थांबवण्यासाठी दुसरे कारण शोधायची गरजच उरली नाही.

कायद्याला तोड निघाली ती विमानांच्या भंगारातून. दक्षिण कॅलिफोर्निया हा त्या काळी अमेरिकेतल्या विमान उद्योगाचा बालेकिल्ला. डग्लस, लॉकहीड, नॉर्थ अमेरिकन या कंपन्यांचे कारखाने तिथेच. युद्धानंतर विमानांचे सुटे भाग भंगाराच्या आणि जुन्या सामानाच्या दुकानांत मुबलक येऊन पडले होते. त्यात पंखांच्या झडपा हलवणारे विजेवर चालणारे तेलाचे पंप होते, झडपा होत्या, नळ्या होत्या. सॅन बर्नार्डिनो परिसरात राहणारा रॉन अगीरे हा तरुण उंचीच्या पावत्यांनी मेटाकुटीला आला होता. त्याने 1959 च्या सुमारास वडिलांच्या मदतीने आपल्या शेवरोले कॉर्व्हेटला असे पंप बसवले. गाडीचे नाव त्याने ठेवले एक्स-सॉनिक. तशा खटपटी त्याच्या आगेमागे इतरही काही जण करत होते, पण गाजली ती ही गाडी.

यातली युक्ती समजायला गॅरेजमधला तेलाचा जॅक आठवा. दांडी मारली की तेल नळकांड्यात जाते, दट्ट्या वर सरकतो, त्यासोबत गाडी उचलली जाते. स्क्रू सैल केला की तेल परत येते आणि गाडी आपल्याच वजनाने खाली बसते. हाच जॅक पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर, स्प्रिंग आणि चेसिस यांच्या मध्ये कायमचा बसवून टाकला, असे समजा. दांडीच्या जागी विजेचा पंप, स्क्रूच्या जागी विजेने उघडणारी झडप, आणि दोन्हींची बटणे चालकाच्या हाताशी. बटण दाबले की दट्ट्या बाहेर येतो, चेसिस वर उचलली जाते, गाडी कायद्यात. दुसरे बटण दाबले की तेल टाकीत परतते, गाडी सुस्कारा सोडल्यासारखी खाली बसते. विमानाचे पंप गाडीच्या बारा व्होल्टवर धड चालत नसत, म्हणून डिकीत जादा बॅटऱ्या जोडायच्या.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळची वेळ, गाडी जमिनीला चिकटून चाललेली. समोर पोलिसाची गाडी दिसते. चालक डॅशबोर्डखाली बोट नेतो. पोलीस जवळ येईपर्यंत गाडी चार-पाच इंच वर. पोलीस वाकून बघतो, रिम खाली, पोट वर. पावती कशाची फाडणार? तो पाठ फिरवतो आणि गाडी पुन्हा खाली. कायद्याने उंची ठरवली होती, ती कायम ठेवावी असे जणू या पोरांना कुठे वाचायला मिळाले नव्हते. मला या सगळ्या प्रकारात आवडते ते हे, की त्यांनी कायदा मोडला नाही आणि आपला हट्टही सोडला नाही.

पुढे विमानाच्या पंपांची जागा ट्रकच्या पंपांनी घेतली. माल चढवण्यासाठी ट्रकच्या मागे खालीवर होणारी जी फळी असते, तिचा पंप स्वस्त होता आणि दणकटही. गाड्यांतली लाडकी ठरली 1958 ते 1964 या काळातली शेवरोले इम्पाला, त्यातही 1964 चे मॉडेल. या गाड्यांची चेसिस इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराची होती. कडेच्या धडक्यात ती कच्ची, अशी टीका तिच्यावर त्या काळी होत होती. लो-रायडर मंडळींनी तिला जागोजागी पोलादी पट्ट्या वेल्ड करून भक्कम केले, कारण चारही कोपऱ्यांवर जॅक बसवल्यावर येणारा ताण काही थोडाथोडका नव्हता. पुढची चाके वर जाताना आत झुकतात म्हणून वरचे आर्म कापून, इंचभर वाढवून पुन्हा जोडले. हे सगळे कुणी अभियंत्याने शिकवले नव्हते. एकाने केले, दुसऱ्याने बघितले, तिसऱ्याने सुधारले. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडचे कारागीर जुन्या यंत्रांना जसे वळण लावतात, त्याच जातीचे हे डोके.

पंप जोरकस झाले आणि आणखी एक खेळ सुरू झाला. तेल झटक्याने सोडले-भरले की गाडीचे पुढचे अंग उडी मारते. मग बटण तालात दाबायचे. गाडी पुढच्या दोन पायांवर नाचायला लागते. पुढची चाके किती इंच उचलली, याच्या स्पर्धा भरू लागल्या. डिकीत सहा, आठ, बारा बॅटऱ्या दिसू लागल्या. यात स्प्रिंगा तुटत, आर्म वाकत, बॅटऱ्या फुटत. तरी पोरे हटत नव्हती. हा भाग मला स्वतःला फारसा भावत नाही. अलगद चालणाऱ्या गाडीची ऐट त्या धडपडीत हरवते. पण बघे कशाला जास्त जमतात, ते सांगायला नको.

या गाड्यांचा राजमार्ग होता पूर्व लॉस एंजेलिसमधला व्हिटियर बुलेव्हार्ड. शनिवार-रविवारी रात्री या रस्त्यावर गाड्यांची रांग लागायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे. क्लब होते, प्रत्येकाची पाटी मागच्या काचेत. हाच तो रस्ता, जिथे 29 ऑगस्ट 1970 रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मेक्सिकन अमेरिकनांचा प्रचंड मोर्चा निघाला आणि पोलिसी कारवाईत उधळला गेला. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावरच्या सिल्व्हर डॉलर नावाच्या बारमध्ये बसलेला 'लॉस एंजेलिस टाइम्स'चा पत्रकार रूबेन सालाझार, शेरीफच्या शिपायाने झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने ठार झाला. ज्या रस्त्यावर रविवारी गाड्या मिरवायच्या, तिथेच हे घडले. तेव्हा या रस्त्यावर सावकाश गाडी चालवणे म्हणजे नुसता शौक राहिला नव्हता, हे ओघाने आलेच.

1979 मध्ये शेरीफच्या खात्याने व्हिटियर बुलेव्हार्डवरची ही रात्रीची फेरी बंद पाडली. गर्दी, भांडणे, वाहतूक ही कारणे दिली गेली. ती सगळीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. टोळ्यांची भांडणे होती, दुकानदार वैतागले होते. पण गर्दीतल्या दहा-वीस जणांच्या भांडणापायी शेकडो कुटुंबांची संध्याकाळ बंद झाली. 1980 च्या दशकात राज्याने शहरांना अधिकारच देऊन टाकला, की ठरावीक वेळात एकाच ठिकाणावरून पुन्हा पुन्हा गाडी नेली तर तो गुन्हा मानता येईल. सॅन डिएगोजवळच्या नॅशनल सिटीने 1992 मध्ये आपल्या हायलंड अॅव्हेन्यूवर अशी बंदी घातली. रस्त्याकडेला पाट्या लागल्या. म्हणजे उंचीवर एक नियम, चालीवर दुसरा. खालीही जायचे नाही आणि हळूही जायचे नाही!

गंमत अशी, की बंदी वाढत होती आणि मानही वाढत होता. 1977 मध्ये सॅन होजे इथे तीन तरुणांनी 'लोरायडर' नावाचे मासिक सुरू केले, ते दूरदूर पोहोचले. जपानमध्ये हौशी लोक इम्पाला मागवून अशाच सजवू लागले. जेसी वालादेस नावाच्या लॉस एंजेलिसच्या गृहस्थाची 'जिप्सी रोज' ही 1964 ची इम्पाला गुलाबी रंगाची, अंगभर गुलाब रंगवलेली. ती टीव्हीवरच्या एका मालिकेच्या सुरुवातीला झळकली आणि घराघरात पोहोचली. 2017 मध्ये तिची अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत नोंद झाली आणि वॉशिंग्टनला, राष्ट्रीय स्मारकांच्या त्या विस्तीर्ण हिरवळीवर, काचेच्या पेटीत ती दिमाखात ठेवली गेली. वालादेस स्वतः तो दिवस बघायला उरले नव्हते. 2011 मध्येच ते वारले. आणि हे बघा, देशाच्या राजधानीत काचेत ठेवलेल्या त्या गाडीसारखी दुसरी गाडी त्या वर्षी कॅलिफोर्नियात रस्त्यावर खाली बसवून चालवली असती, तर कलम 24008 लागू झालेच असते.

आपल्याकडचा कायदा याबाबत काही सैल आहे, असे समजू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितले आहे. सुरक्षिततेसाठी नियम हवेतच. प्रश्न असतो तो नियम कुणाच्या दारात जाऊन उभा राहतो हा.

कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी हा प्रश्न सोडला नाही. म्हातारे झालेले क्लबवाले, त्यांच्या मुली-सुना, त्यांची नातवंडे नगरपालिकांच्या सभांना जाऊन बसू लागली. आम्ही गुन्हेगार नाही, आम्ही सुतार आहोत, शिक्षिका आहोत, निवृत्त सैनिक आहोत, हे सांगू लागली. 2022 मध्ये सॅन होजे आणि सॅक्रामेंटो शहरांनी फेरीवरची बंदी उठवली. 2023 मध्ये नॅशनल सिटीने तीस वर्षे जुना ठराव रद्द केला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्याचे गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी एका विधेयकावर सही केली. शहरांचा फेरीबंदीचा अधिकार गेला आणि त्याच्यासोबत रिमच्या उंचीचा नियमही गेला. 1 जानेवारी 2024 पासून तो लागू नाही.

ज्याने पंप बसवून हा सगळा खेळ सुरू केला, त्या खेळाचे कारणच आता उरलेले नाही. गाडी खाली ठेवायची तर खाली ठेवा, कुणी विचारणार नाही. तरी पंप काही कुणी काढून टाकलेले नाहीत. सॅन होजे म्हणजे आपल्या पुण्या-मुंबईच्या कितीतरी मुलामुलींचे आताचे गाव. तुमच्यापैकी कुणी लेकीकडे, भाच्याकडे तिकडे गेलात आणि रविवारी संध्याकाळी समोरून एखादी लांबलचक जुनी इम्पाला अगदी गोगलगायीच्या चालीने येताना दिसली, तर जरा थांबा. चालकाला हात करा. बहुतेक तो हसेल, बोट डॅशबोर्डखाली नेईल आणि गाडीचे नाक तुमच्यासाठी चार इंच वर उचलून पुन्हा खाली ठेवेल.